माहितीचीं पुस्तकें व शाळेचा अभ्यास

मुलगा किंवा मुलगी दहावीच्या वर्गांत गेली, कीं घरांतील वडील मंडळींचा पहिला हुकूम बहुधा असा सुटतो कीं, आतां क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरें पुस्तक हातीं धरावयाचें नाहीं. वर्षभर जें काय वाचावयाचें तें परीक्षेपुरतें. बाकीचें सर्व ‘अवांतर’, आणि अवांतर म्हणजे अनावश्यक, असा एक समज समाजांत रूढ झाला आहे. हा हुकूम देणाऱ्यांच्या मनांत मुलाचें हितच असतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. शिकवण्यांची फी भरण्यासाठीं पोटाला चिमटा घेणाऱ्या आईबापांस मुलाची घटका घटका मोलाची वाटावी, हें स्वाभाविकच आहे. तथापि ज्या वाचनाला ते अडथळा समजतात, त्याच वाचनावर शाळेच्या अभ्यासाचा पाया कसा उभा असतो, तें त्यांच्यापुढें व आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ‘माहितीचें पुस्तक’ म्हणजे काय, तें ठरवूं. ज्यांत कल्पित कथा नसून जगांतील खऱ्या वस्तूंची, प्राण्यांची, देशांची, शोधांची, यंत्रांची किंवा थोर स्त्रीपुरुषांच्या आयुष्याची हकीकत सांगितलेली असते, तें माहितीचें पुस्तक होय. पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक, एखाद्या नदीचें वर्णन, शास्त्रज्ञाचें चरित्र, नकाशासंग्रह, विश्वकोशाचा खंड, हीं सर्व याच जातीचीं. परीक्षेच्या आधीं दुकानोदुकानीं विकावयास येणारीं प्रश्नोत्तरांचीं पुस्तकें मात्र यांत मोडत नाहींत. कारण त्यांत प्रश्नही दुसऱ्याचा आणि उत्तरही दुसऱ्याचेंच असतें. माहितीच्या पुस्तकाकडे मनुष्य स्वतःचा प्रश्न घेऊन जातो, हा त्या दोहोंतील मुख्य भेद. कथा, कादंबऱ्या व काव्य यांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. त्यांनीं मन संस्कारित होतें. परंतु त्यांचें काम निराळें आणि या पुस्तकांचें काम निराळें.

क्रमिक पुस्तकाला एक जन्मजात अडचण आहे. वर्षाच्या ठराविक तासांत जेवढें शिकवून होईल, तेवढेंच त्यांत घालावें लागतें. म्हणून शंभर-दोनशें वर्षांचा इतिहास थोड्या पानांत बसवितात, आणि ज्या नियमाच्या शोधासाठीं एखाद्यानें आयुष्य वेंचलें तो नियम दोन ओळींत उरकतात. असा दाट मजकूर ज्याच्या मनांत त्या विषयाची थोडीफार पूर्वतयारी आहे, त्यालाच सुकर होतो. भिंतीला खुंटी असेल तर अंगरखा टांगतां येतो. खुंटीच नसेल तर तो जमिनीवर पडतो. नवें ज्ञान हें अंगरख्यासारखें आहे, आणि आधींची माहिती ही त्याची खुंटी आहे. घोकंपट्टी करणारा विद्यार्थी अंगरखा हातांत धरून ताटकळत उभा असतो. परीक्षा संपली कीं हात गळतात व अंगरखा खालीं येतो.

हा केवळ दृष्टांत नव्हे. १९८८ सालीं अमेरिकेंत डोना रेख्ट व लॉरेन लेस्ली या दोन संशोधिकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं सातवी व आठवीच्या वर्गांतील ६४ मुलें घेतलीं. त्यांपैकीं कांहीं वाचनांत चांगलीं व कांहीं कच्चीं होतीं. आणि या दोन्ही गटांत कांहींना बेसबॉल या अमेरिकन खेळाची पुष्कळ माहिती होती, तर कांहींना फारशी नव्हती. सर्वांना एका बेसबॉलच्या सामन्याचें वर्णन वाचावयास दिलें, आणि मग मैदानाच्या लहानशा प्रतिकृतीवर सोंगट्या हलवून काय काय घडलें तें दाखवावयास व सांगावयास लावलें. निकाल असा लागला कीं, वाचनांत कच्चीं परंतु खेळ जाणणारीं मुलें, वाचनांत हुशार परंतु खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षां पुष्कळ पुढें गेलीं. आपल्याकडेंही तसेंच घडेल. ज्यानें क्रिकेट कधीं पाहिलें नाहीं, त्या हुशार मुलाला ‘शेवटच्या षटकांत फलंदाज यष्टिचीत झाला’ हें वाक्य अडखळल्यावांचून वाचतां येईल. परंतु त्याच्या डोळ्यांपुढें कांहींच उभें राहणार नाहीं.

या प्रयोगाचा अर्थ पालकांनीं व आम्हां शिक्षकांनींही नीट ध्यानांत घ्यावा. ज्या मुलाला आपण ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसवितों, त्याची बुद्धि मंद असेलच असें नाहीं. कदाचित् त्याच्या भिंतीला खुंट्याच कमी असतील. ज्या घरांत पुस्तकांचें कपाट आहे, जेवतांना जगांतील गोष्टी निघतात, सुट्टींत प्रवास घडतो, त्या घरांतील मूल खुंट्या घेऊनच शाळेंत येतें. ज्या घरांत हें कांहींच नाहीं, त्या घरांतील मुलाला ही उणीव भरून काढण्याचें सर्वांत स्वस्त साधन म्हणजे माहितीचें पुस्तक. त्यालाच जर आपण ‘अवांतर’ म्हणून पुस्तकापासून दूर ठेवलें, तर वर्गांतील अंतर कमी होण्याऐवजीं वर्षानुवर्षें वाढतच जाणार.

हें सर्व पोकळ वाटूं नये म्हणून आतां एक साधी वस्तु घेऊं आणि तिच्याविषयीं वाचूं लागल्यास शाळेच्या किती विषयांत आपण जाऊन पोंचतों, तें पाहूं. ही वस्तु प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत आहे. ती म्हणजे मीठ.

भूगोलापासून आरंभ करूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सरासरी सुमारें ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. त्यांपैकीं आपल्या खाण्याचें मीठ सुमारें २७ ग्रॅम. भरतीचें पाणी मिठागरांत घेऊन उथळ वाफ्यांत पसरितात व उन्हा-वाऱ्यावर आटूं देतात. प्रथम त्यांतील चुनखडीसारखे क्षार खालीं बसतात, आणि मूळ पाण्याचा सुमारें एक दशांश भाग उरला म्हणजे मिठाचे स्फटिक पडूं लागतात. हें काम पावसाळा संपल्यावरच चालतें. मग कोंकणापेक्षां गुजरातेंत मीठ पुष्कळ अधिक कां पिकतें, या प्रश्नाचें उत्तर पाठ करावें लागत नाहीं. तेथील कमी पाऊस, कोरडा वारा व सपाट किनारा हीं नकाशांत दिसतातच. मुंबईत मुलुंडला ‘मिठागर रस्ता’ व मालाडला ‘मीठचौकी’ हीं नांवें कशीं पडलीं, तेंही उलगडतें. आणि किनाऱ्यावरील आगरी लोकांच्या नांवांतील ‘आगर’ कोणता, तेंही ध्यानांत येतें.

येथेंच गणिताचा प्रवेश होतो. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर खोल असा एक वाफा समुद्राच्या पाण्यानें भरला, अशी कल्पना करा. त्यांत किती पाणी मावेल? वीस घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर. लिटरास २७ ग्रॅम धरल्यास मीठ किती? ५४० किलो. प्रत्यक्षांत कांहीं भाग उरलेल्या कडू पाण्यांत राहून जातो, म्हणून मिळणारें मीठ याहून कमी. परंतु घनफळाचें कोष्टक कशासाठीं शिकावयाचें, याचें उत्तर त्या मुलाला मिळालें. पुस्तकांतील हौदाचें उदाहरण कोणाच्या हौदाचें, हें कोणास ठाऊक नसतें. हा वाफा मात्र त्याच्या डोळ्यांपुढें आहे.

रसायनशास्त्रांत मिठाला सोडियम क्लोराइड म्हणतात, हें सूत्र प्रत्येक विद्यार्थी पाठ करतो. परंतु त्या दोन मूलद्रव्यांची हकीकत वाचलेला विद्यार्थी तें सूत्र विसरत नाहीं. सोडियम हा इतका मऊ धातु कीं सुरीनें कापतां येतो, आणि इतका तापट कीं पाण्यांत टाकतांच उसळून पेट घेतो. हंफ्री डेव्ही यानें १८०७ सालीं वितळलेल्या दाहक सोड्यांतून विजेचा प्रवाह सोडून तो वेगळा केला. क्लोरीन हा विषारी वायु. १९१५ च्या एप्रिलांत पहिल्या महायुद्धांत ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानें तोच फ्रेंच सैन्यावर सोडला. या दोन भयंकर द्रव्यांचा संयोग झाला कीं आमटींत घालावयाचें निरुपद्रवी मीठ तयार होतें. संयुगाचे गुणधर्म त्यांतील घटकांच्या गुणधर्मांहून अगदीं निराळे असतात, हें क्रमिक पुस्तकांतील वाक्य आतां नुसतें वाक्य राहत नाहीं.

पदार्थविज्ञानाकडे वळूं. बर्फांत मीठ मिसळलें तर त्या मिश्रणाचें तपमान शून्याखालीं सुमारें २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. म्हणूनच लांकडी बादलींत दांडा फिरवून आइस्क्रीम करणारे बर्फावर खडेमीठ टाकतात. मिठाचा कण भिंगाखालीं पाहिला तर तो लहानशा ठोकळ्यासारखा चौकोनी दिसतो. हा आकार आंतील अणूंच्या रांगांमुळें येतो, हें विल्यम हेन्री ब्रॅग व त्याचा मुलगा लॉरेन्स ब्रॅग यांनीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें १९१३ सालीं दाखविलें. दोघांना १९१५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां मुलाचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें वय ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आरोग्यशास्त्रांत तर मिठाचें प्रकरण दुधारी आहे. मिठावांचून शरीर चालत नाहीं; परंतु त्याचा अतिरेक झाला तर रक्तदाब वाढतो. म्हणून प्रौढ माणसानें दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. बाजारांतील खाऊच्या पाकिटावर मात्र मीठ लिहिलेलें नसतें. सोडियम किती मिलिग्रॅम, तें लिहिलेलें असतें. येथें रसायनशास्त्र कामास येतें. सोडियमचा अणुभार २३ व क्लोरीनचा ३५.५, म्हणजे ५८.५ भाग मिठांत २३ भाग सोडियम. सोडियमच्या आंकड्याला सुमारें अडीचनें गुणलें कीं मिठाचा आंकडा येतो. ज्या पाकिटांत ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे, त्यांत सुमारें २ ग्रॅम मीठ आहे, म्हणजे दिवसाच्या वांट्यांतील दोन पंचमांश. हा हिशेब करणारी मुलगी घरांतल्या आजीच्या रक्तदाबाची खरी काळजी वाहूं शकते.

याच मिठानें दुसऱ्या एका रोगावर मात केली आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशांत पाऊस व वितळलेलें बर्फ यांनीं मातींतील आयोडीन धुऊन नेलें असल्यामुळें तेथें गलगंडाचा विकार पुष्कळ होता. १९५६ पासून कांगडा खोऱ्यांत डॉ. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आयोडीनयुक्त मीठ देऊन हा विकार कमी होतो हें सिद्ध केलें, आणि १९६२ सालीं भारत सरकारनें गलगंड-नियंत्रणाचा कार्यक्रम हातीं घेतला. एका पर्वताचा भूगोल, एका ग्रंथीचें शरीरशास्त्र व एका सरकारचें धोरण हीं तिन्ही येथें एकाच चिमटींत सांपडतात.

इतिहासांत मिठाचें नांव निघतांच दांडीयात्रा आठवते. १२ मार्च १९३० रोजीं महात्मा गांधी साबरमतीहून निघाले आणि सुमारें ३८५ किलोमीटरांची वाट २४ दिवसांत चालून दांडीला पोंचले. ६ एप्रिलला त्यांनीं मीठ उचललें. भागाकार केला तर दिवसाची सरासरी १६ किलोमीटर येते, आणि एकसष्टाव्या वर्षीं दररोज इतकें चालणें म्हणजे काय, हें ज्याचें त्यानें चालून पाहावें. महाराष्ट्रांतही त्याच वर्षीं शिरोड्याला व वडाळ्याला मिठाचा सत्याग्रह झाला. परंतु लोक मिठासाठीं एवढे पेटले कां? हें समजण्यास त्यापूर्वीच्या काळाची माहिती हवी. एकोणिसाव्या शतकांत मिठाची चोरटी ने-आण थांबविण्यासाठीं इंग्रज सरकारनें उत्तर व मध्य हिंदुस्थानांतून एक जकातीची सरहद्द आंखली होती. तिची लांबी सुमारें ३,७०० किलोमीटर होती, तिच्यावर सुमारें १२,००० माणसें पहारा करीत, आणि तिच्या मोठ्या भागावर कांटेरी झाडांचें दाट कुंपण वाढविलें होतें. १८७९ सालीं ही सरहद्द मोडली. मिठावरील कर मात्र १९४७ पर्यंत चालूच राहिला.

या कुंपणाची गोष्ट पुन्हां उजेडांत कशी आली, तीही माहितीच्या पुस्तकाचीच गोष्ट आहे. रॉय मॉक्सहॅम नांवाच्या, ग्रंथालयांतील जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करणाऱ्या एका इंग्रज गृहस्थानें लंडनमधील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत स्लीमन नांवाच्या अधिकाऱ्याच्या आठवणींचा ग्रंथ घेतला. त्यांतील एका तळटीपेंत या कुंपणाचा उल्लेख होता. एवढी प्रचंड वस्तु विस्मृतींत गेली कशी, या कुतूहलानें तो कागदपत्रें धुंडाळीत सुटला, पुन्हां पुन्हां हिंदुस्थानांत आला, आणि अखेर १९९८ सालीं उत्तर प्रदेशांतील इटावा जिल्ह्यांत त्याला त्या कुंपणाचा अवशेष सांपडला. २००१ सालीं त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला. एका तळटीपेंतून एवढें निघालें! आज मोबाईलवर कोणत्याही प्रश्नाचें उत्तर क्षणांत मिळतें, मग पुस्तक कशाला, असें विचारणाऱ्यांस आमचें उत्तर हेंच आहे. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर तें यंत्र देतें. परंतु जो प्रश्न आपल्याला सुचलाच नसता, तो पुस्तकाच्या पानावर आपली वाट पाहत असतो.

भाषेचा विषय राहिला. खाल्ल्या मिठाला जागणें, जखमेवर मीठ चोळणें, मीठमिरची लावून सांगणें, रंगांत आलेल्या बैठकींत मिठाचा खडा टाकणें, हे सर्व वाक्प्रचार आपण वापरतों. सौंदर्याला आपण ‘लावण्य’ म्हणतों, आणि तो शब्द ‘लवण’ म्हणजे मीठ यावरून आला आहे. मीठ नसलेलें अन्न अळणी, तसें लावण्य नसलेलें रूप. हा विचार त्या शब्दांत दडलेला आहे. इंग्रजींतील सॅलरी, सॅलड व सॉस या शब्दांचें मूळही मिठाच्या लॅटिन नांवांतच आहे. शब्दांचीं अशीं कुळें ज्याला कळलीं, त्याला शब्दार्थ पाठ करण्याचे कष्ट निम्मे होतात, आणि निबंध लिहितांना त्याची लेखणी अडत नाहीं. निबंधाच्या वहींत ‘काय लिहावें?’ म्हणून पेन चावीत बसणारे विद्यार्थी बहुधा भाषेंत कच्चे नसतात. त्यांच्याजवळ सांगण्यासारखें कांहीं नसतें, हीच त्यांची अडचण.

सॅलरी या शब्दावरून एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. रोमन शिपायांना पगार म्हणून मीठच देत असत, अशी गोष्ट पुष्कळ पुस्तकांत छापलेली आढळते. शब्दाचें मूळ मिठांत आहे हें खरें. परंतु पगार मिठाच्या रूपानें देत, याला प्राचीन ग्रंथांतून पुरावा मिळत नाहीं. तेव्हां छापलेलें सर्वच खरें असें मानूं नये. मनोरंजक माहिती ही अधिकच तपासून घ्यावी. कारण ती खरी नसली तरी पसरते. पुस्तक कोणत्या वर्षीं छापलें तेंही पाहावें. २००६ च्या पूर्वींच्या पुस्तकांत सूर्याचे ग्रह नऊ आढळतील. त्या वर्षीं प्लूटोला ग्रहांच्या पंक्तींतून काढलें, आणि आतां ते आठ मानितात. जुनें पुस्तक टाकाऊ ठरतें असें नव्हे. तें केव्हांचें हें ठाऊक असलें पाहिजे.

ही तपासण्याची वृत्ति कशी असावी, याचा उत्तम धडा मायकेल फॅरडेच्या चरित्रांत आहे. तो १७९१ सालीं एका लोहाराच्या घरीं जन्मला. लिहिणें, वाचणें व साधा हिशेब यांपलीकडे त्याला शाळा मिळाली नाहीं. चौदाव्या वर्षीं तो लंडनमधील एका पुस्तकें बांधणाराकडे उमेदवार म्हणून राहिला. तेथें बांधणीसाठीं आलेलीं पुस्तकें तो रात्रीं वाचीत असे. ब्रिटानिका ज्ञानकोशांतील विजेवरील लेखानें त्याला विजेचा नाद लावला, आणि जेन मार्सेट या विदुषीनें संवादरूपानें लिहिलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकानें त्या शास्त्राचा पाया घातला. परंतु वाचलें आणि मानलें, असें त्यानें केलें नाहीं. खिशांतील चार पैशांत जेवढे प्रयोग करतां येतील तेवढे करून, पुस्तकांतील विधान खरें ठरतें कीं नाहीं, तें तो पाहत असे. आणि वाचलेल्यांतील महत्त्वाचें एका वहींत टिपून ठेवीत असे. १८१२ सालीं त्याला वर उल्लेखिलेल्या हंफ्री डेव्हीचीं व्याख्यानें ऐकावयास मिळालीं. त्यांचीं टिपणें त्यानें सुवाच्य अक्षरांत लिहून, स्वतः बांधून डेव्हीकडे पाठविलीं. आणि १८१३ सालीं त्याच प्रयोगशाळेंत त्याला मदतनिसाची जागा मिळाली. १८३१ सालीं त्यानें चुंबकाच्या साहाय्यानें वीज उत्पन्न करण्याचें तत्त्व शोधिलें. आज घरोघरीं येणारी बहुतेक वीज ज्या जनित्रांत तयार होते, तीं त्याच तत्त्वावर चालतात. प्रत्येक वाचक फॅरडे होईल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्याच्या हातांत केवळ दुसऱ्यांचीं पुस्तकें होतीं, त्यानें त्यांचा कसा उपयोग केला, हें कोणालाही अनुकरणीय आहे.

या वाचनाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बीजगणित हें गणितें सोडवूनच येतें. गणितज्ञांचीं चरित्रें वाचून तें येणार नाहीं. व्याकरणाचा सराव करावाच लागतो. शेंकडों सुटे आंकडे तोंडपाठ असणें म्हणजे ज्ञान नव्हे. ‘जगांतील सर्वांत उंच, सर्वांत लांब’ अशा याद्या पाठ करणारा मुलगा पाहुण्यांकडून शाबासकी मिळवील, परंतु त्या आंकड्यांमागील ‘कां’ त्यानें विचारला नाहीं, तर त्याच्या खुंट्या हवेंतच लटकत राहतील. माहितीचें वाचन हें अभ्यासाच्या जागीं नव्हे, तर अभ्यासाच्या जोडीला हवें.

विद्यार्थिमित्रहो, आतां हें करावें कसें, तें थोडक्यांत सांगतों. दररोज अर्धा तास पुरे. पुस्तक उघडण्यापूर्वीं आपल्या मनांतील एक प्रश्न वहींत लिहा. अगदीं साधा चालेल. कांदा चिरतांना डोळ्यांत पाणी कां येतें? आगगाडीच्या रुळांच्या मध्यें खडी कां टाकतात? मग अनुक्रमणिका व शेवटची सूची पाहून नेमकें पान काढा; पुस्तक पहिल्या पानापासून वाचलेंच पाहिजे असा नियम नाहीं. मिळालेलें उत्तर स्वतःच्या शब्दांत चार ओळींत लिहा. तोच प्रश्न दुसऱ्या एका पुस्तकांत पाहा व दोहोंत फरक आढळला तर तो टिपा. जमेल तर घरच्या घरीं लहानसा प्रयोग करा. शेवटीं त्या टिपणाखालीं, शाळेच्या कोणत्या विषयांतील कोणत्या धड्याशीं याचा संबंध आहे, तें लिहा. ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची; तिच्यामुळेंच पुस्तकाचें कपाट व शाळेचें दप्तर यांच्या मधील भिंत पडते.

मराठींत अशीं पुस्तकें कोठें आहेत, असें कोणी विचारील. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालींच ‘दिग्दर्शन’ या मासिकांतून शास्त्रें, भूगोल व इतिहास यांवरील लेख मराठी वाचकांपुढें ठेवावयास आरंभ केला होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्ध केले. पुण्याहून १९२८ सालीं ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघालें. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं सुरू झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढें त्याचे वीस खंड पूर्ण झाले, ते आज संगणकावर व मोबाईलवरही विनामूल्य वाचतां येतात. म्हणजे ज्या यंत्राविषयीं पालकांची तक्रार असते, त्याच यंत्रांत एक अख्खें ग्रंथालय आहे. पूर्वजांनीं भरून ठेवलेलें धान्याचें कोठार घरांत असतां आपण उपाशी राहावें, हें शहाणपणाचें नव्हे.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे. दहावीच्या वर्षीं पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावूं नका. मूल माहितीचें पुस्तक घेऊन बसलेलें दिसलें तर ‘अभ्यास सोडून हें काय?’ असें न म्हणतां, ‘काय नवीन सांपडलें?’ असें विचारा, आणि तें सांगूं लागलें तर हातांतील काम ठेवून ऐका. ज्या आईबापांस स्वतःला फारसें शिकतां आलें नाहीं, त्यांनीं तर हा प्रश्न अवश्य विचारावा. मुलाला शिकविणें त्यांच्या हातीं नसलें तरी मुलाचें ऐकून घेणें त्यांच्या हातीं आहे. आणि दुसऱ्याला समजावून सांगतांना आपल्याला काय समजलें नाहीं, तें मुलाला जितकें स्पष्ट कळतें, तितकें दुसऱ्या कशानेंही कळत नाहीं. शिवाय त्या माणसांजवळ मिठागराची, शेताची, गिरणीची, बाजाराची अशी पुष्कळ माहिती असते जी कोणत्याही पुस्तकांत छापलेली नाहीं. पुस्तकांतील व बापाच्या तोंडची अशा दोन्ही माहितींची गांठ ज्या घरांत पडते, तेथील मुलाच्या शिक्षणाची चिंता कोणी करूं नये.

वर्षाला परीक्षा एकदांच येते. प्रश्न मात्र रोज पडतात. रोजच्या प्रश्नाला रोज उत्तर शोधण्याची ज्याला संवय लागली, त्याला परीक्षेंतील प्रश्न परका वाटत नाहीं. येत्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वयंपाकघरांतील एक वस्तु निवडावी. हळद, साखर, चहा, रॉकेल, कोणतीही चालेल. तिच्याविषयीं दोन पुस्तकें धुंडाळावीं, आणि शाळेच्या किती विषयांत आपण जाऊन आलों तें मोजावें. पुढील वर्षाच्या अंकासाठीं तसे लेख आमच्याकडे आले, तर ते छापण्यास आम्हांस फार आनंद होईल.